हातभर वायर

शहाजी कोळेकरच्या घरात दोन देव होते. एक कोनाड्यातला बिरोबा आणि दुसरा कपाटावरचा इंटरनेटचा पांढरा डबा. बिरोबाला सकाळी एकदा हात जोडले की भागायचं. डब्याकडे मात्र दिवसातून चाळीस वेळा मान वर करून बघावं लागायचं. डब्यावर चार बारके दिवे होते. चारही हिरवे असले की शहाजी माणसात असायचा. तिसरा दिवा लाल झाला की अडतीस वर्षांचा तो बाप्या डब्यापुढे उभा राहून "हो रे हिरवा, हो रे बाबा" म्हणायचा. हसायचं त्यानं खुशाल हसावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शहाजी पुण्याच्या एका विमा कंपनीत होता. दवाखान्याच्या बिलासाठी लोक विमा मागतात. त्यांना फोनवर चार प्रश्न विचारायचे आणि त्यांचं प्रकरण पुढं सरकवायचं, हे त्याचं काम. ऐन दसऱ्यात सांगोल्याकडच्या गावाहून फोन आला, आप्पा मेंढरांच्या वाड्यातच पडले. धुळाप्पा कोळेकर, बहात्तर वर्षांचा काटक माणूस, जन्मभर मेंढरांमागं चाललेला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचाही गेली. सोलापूरच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. रोज व्यायाम करून घ्या, चालवा. या सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढं आपलं. नंतर फारसं काही येत नाही."

आता हे रोज करून घेणार कोण? आई जाऊन पाच वर्षं झालेली. धाकटा भाऊ सिद्धप्पा दिवाळीपासून मेंढरं घेऊन नदीकाठानं फिरतीवर. त्याची बायकापोरंही घोड्यावर बिऱ्हाड टाकून त्याच्या मागं. आज या रानात, उद्या त्या रानात. तिथं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठेवायचं कुठं, घोड्यावर? शहाजीचं लग्न तीनदा जमता जमता मोडलेलं. पुण्यात तो चौघांच्या खोलीत, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर राहायचा. शेवटी साहेब लोकांच्या हातापाया पडून त्यानं घरून काम करायची परवानगी मिळवली आणि सोलापुरात पाच्छा पेठेतल्या एका बोळात, तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी आप्पांची खाट. आतल्या खोलीत टेबल, कपाट आणि डबा.

परवानगीला एक शेपूट होतं. कंपनीचा लॅपटॉप फक्त नोंदवलेल्या घरच्या लाइनवरच चालणार. मोबाइलचं नेट जोडून बघितलं तर पडद्यावर लाल कुलूप यायचं. लोकांची दवाखान्याची माहिती असते, ती अशीतशी उघड्यावर नको, असं कंपनीचं म्हणणं. आणि ड्युटी चालू असताना लाइन पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बंद राहिली तर तो खंड धरणार. तीन महिन्यांत तीन खंड झाले की परवानगी रद्द. मग लगेच पुढच्या सोमवारी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. शहाजी पुण्याला गेला की आप्पांना कुठल्यातरी आश्रमात टाकायचं, किंवा गावच्या रिकाम्या घरात शेजाऱ्यांच्या भरवशावर. दोन्हीकडं त्यांना खायला घालतील. उठवून चालवणार कुणी नाही.

चार महिने झाले होते. आप्पांचा पाय थोडा धरायला लागला होता. डाव्या हातात काठी, उजवी काख शहाजीच्या खांद्यावर, असं करत ते खाटेपासून उंबऱ्यापर्यंत यायचे. अकरा पावलं. सहा महिन्यांतले दोन उरले होते आणि तीन खंडांपैकी दोन झाले होते.

सुरुवातीला लाइन कशी छान चालली! संक्रांतीपर्यंत डबा गुणी बाळासारखा होता. संक्रांत झाली आणि त्याला काय भूत लागलं कोण जाणे. एका सकाळी आठला तिसरा दिवा लाल झाला तो पावणेनऊला हिरवा झाला. पहिला खंड. मग चार-पाच दिवस काही नाही. मग एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पुन्हा तसंच. मग मधे सगळं शांत, आणि एका शुक्रवारी नऊला पुन्हा गेलं ते चाळीस मिनिटं. दुसरा खंड.

शहाजीनं काय करायचं ठेवलं होतं? डबा बंद करून चालू केला. चालू करून बंद केला. मागचं बारीक भोक टाचणीनं दाबलं. लोखंडी कपाट लाटा अडवतं असं कुणीसं सांगितलं म्हणून डबा खिडकीत ठेवला, आणि खिडकीत ऊन लागतं म्हणून परत कपाटावर नेला. अडॅप्टर बदलला. नव्या पेठेत जाऊन नवी वायर आणली. कंपनीच्या मदत क्रमांकावरची पोरगी दर वेळी गोड आवाजात म्हणायची, "सर, एकदा बंद करून चालू कराल का?" चौथ्या वेळी तो तिच्यावर असा ओरडला की खाटेवर आप्पा दचकले. मग त्यालाच लाज वाटली. त्या पोरीनं काय त्याचं घोडं मारलं होतं?

नेट देणारा गुरु. चाळिशीचा गडी, पूर्वी केबल टीव्हीवाला, आता नेटवालाही. बोळातल्या आणखी तीन घरांत त्याचं नेट होतं, पण त्यांना त्याचं काम रात्री सिनेमापुरतं. सकाळी गेलं काय अन् राहिलं काय, त्यांना पत्ता नव्हता. शहाजीनं फोन केला की गुरु दोन तासांनी उगवायचा, डब्याकडं बघायचा आणि चारही दिवे हिरवे बघून म्हणायचा, "चालू हाय की ओ साहेब!"

"आता चालू हाय. सकाळी गेलं होतं, पाऊण तास."

"मागं कुटंतर गेलं आसंल. तुमच्याकडं फॉल्ट न्हाय."

"मग फॉल्ट हाय कुटं?"

"बघतो की मी. घाबरू नका," असं म्हणून गुरु चहा पिऊन जायचा. तो काय बघायचा, कुठं बघायचा, बिरोबालाच ठाऊक.

शहाजीनं एक वहीही घातली. तारीख, वार, वेळ, किती मिनिटं. रात्री ती वही घेऊन बसायचा, पण त्यातून काही उमगत नव्हतं. कधी पाचव्या दिवशी, कधी चौथ्या. कधी आठला, कधी नऊला. दुष्मन कधी येणार ते कळलं तर माणूस दारात काठी घेऊन तरी बसतो. इथं तेही नाही. त्यामुळं शहाजी रोजच मरत होता. सकाळी सातला कानाला हेडफोन लावायचा, मधलं दार लोटून घ्यायचा, आणि दुपारी चारपर्यंत त्याचा एक डोळा पडद्यावर, एक डब्यावर. जेवण उतरत नव्हतं. आप्पांना चालवतानासुद्धा त्याचं मन दिव्यात असायचं आणि तो पावलं मोजायला चुकायचा. आप्पा थांबून त्याच्या तोंडाकडं बघायचे.

आणि लाइन गेली की आप्पाही काहीतरी करायचे. डाव्या हातातली काठी खिडकीच्या गजावर आपटायचे. ठक, ठक, ठक. घशातून आवाज काढायचे. शहाजीला वाटायचं, म्हाताऱ्याला बाहेर जायचंय. जन्म उघड्यावर गेलेला माणूस, चार भिंतींत जीव घुसमटणारच. "आप्पा, थांबा हो जरा. नेतो नंतर बाहेर," असं म्हणून तो परत डब्यापुढं जायचा. आप्पा काठी खाली ठेवायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे.

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिसरा दिवा लाल झाला.

शहाजीनं हेडफोन काढला. मग उठला आणि डबा बंद करून चालू केला. लाल. वायर काढून घातली. लाल. गुरुला फोन लावला, तो उचलेना. लॅपटॉपच्या कोपऱ्यात घड्याळ पळत होतं, आठ बारा, आठ तेरा. आठ पंचवीसच्या आत लाइन आली नाही की सोमवारी पुणं. त्याला आश्रमातली खाट दिसली. तिच्यावर आप्पा, भिंतीकडं तोंड केलेले. "हो रे हिरवा," तो म्हणाला. त्यानं कपाटावर डोकं टेकलं.

बाहेर ठक, ठक, ठक सुरू झालं.

"आप्पा, आता नको!" तो ओरडला. ठक, ठक. आज आवाज थांबेना. शहाजी दार ढकलून बाहेरच्या खोलीत आला तो काठी हिसकावून घ्यायलाच. आप्पा लाल डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होते. त्यांनी काठी गजांतून बाहेर काढली आणि समोर रोखली. मेंढरांची राखण जन्मभर केलेला माणूस. लांबचं बघायचं आणि ध्यानात ठेवायचं, हाच त्याचा धंदा. शहाजीनं पहिल्यांदा त्या काठीच्या टोकाकडं बघितलं.

बोळ आठ फुटांचा. पलीकडं नरसूबाईचं घर. सत्तरीची, एकटी, विड्या वळणारी तेलुगू म्हातारी; मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला. पाण्याला दाब नाही म्हणून तिच्या दारात नळ खोल खड्ड्यात बसवलेला; त्या खड्ड्याशी पाण्याची मोटर घूं घूं करत होती. मोटरीचा पाइप बोळ ओलांडून थेट शहाजीच्या खिडकीखालच्या निळ्या पिंपात सोडलेला. आणि नरसूबाईच्या ओसरीवर, भिंतीला, एक पत्र्याचा डबा. विजेच्या खांबावरून नेटची काळी वायर त्या डब्यात आलेली आणि त्यातून चार वायरी चार घरांकडं गेलेल्या. डब्याची पिन हातभर वायरीला खाली लोंबत होती. ओसरीवरच्या एकुलत्या एक प्लगमध्ये मोटरीची पिन खोचलेली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तीन आठवडे शहाजी अख्खं जग धुंडाळत होता आणि त्याचं दुखणं खिडकीतून दिसत होतं.

तो अनवाणीच धावला. "मावशी! ही पिन कुणी काढली?"

नरसूबाई पाइप धरून उभी होती. "मीच की. दुसरा प्लग कुटाय हितं? पाणी आलंय, मोटर लावाय नको?"

"हा डबा कसला हाय, ठावं हाय का तुमाला?"

"टीव्हीचा हाय की. गुरुनं बसवला. करंट माझा घेतंय म्हणून मला टीव्ही फुकट दिलाय. सकाळच्या पारी टीव्ही कोण बघतंय रा? पाणी गेलं की लावते मी परत. कधी इसरत न्हाय."

"आणि आधी? संक्रांतीच्या आधी लावत नव्हता मोटर?"

"लावत होते की! तवा पाणी संध्याकाळचं सात-आठला यायचं. आता पाळी बदलली न्हवं, सकाळचं यायलंय." तिनं पाइप जरा आत सारला. "तुझं पिंप आधी भरते बघ, मग माझं. आप्पांच्या गोधड्या असत्यात रोजच्या धुवायला. तू आत कामात. म्हटलं, पोराला उठाय लागू नये."

शहाजीच्या तोंडात शिव्या तयार होत्या, त्या तिथंच विरल्या. राहायला आला त्या आठवड्यात हीच म्हातारी म्हणाली होती, पाण्याची काळजी करू नको, मी भरत जाईन. तेव्हापासून पिंप भरलेलं असायचं. कधी भरलं, कसं भरलं, त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. ज्या पाण्यानं तो आंघोळ करत होता तेच त्याची लाइन तोडत होतं, आणि तोडणारीचा दोष एवढाच की तिला त्यांची काळजी होती. आता रागवायचं कुणावर?

आठ अठरा. "जोडबोर्ड हाय का? एकाला दोन लावायचं?"

"होतं एक. मोटर लावली तर जळालं, वास सुटला. गुरुच वरडला, परत त्याच्यावर मोटर लावायची न्हाय म्हणून."

डब्याची वायर हातभरच. दुसऱ्या कुठल्या प्लगापर्यंत पोचायची नाही. "पाणी किती वेळ राहील अजून?"

"आर्धा तास. आज सहाव्या दिवशी आलंय बघ."

पिंप पाव भरलं होतं. शहाजीनं पिंपाकडं बघितलं, लोंबणाऱ्या पिनेकडं बघितलं. सहा दिवस पाण्याविना काढायचे म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. घरात अंथरुणात सगळं होणारं माणूस होतं. "मावशी," तो म्हणाला, "हा टीव्हीचा न्हाय. माझं काम ह्याच्यावर चालतं. आता हे लागलं न्हाय तर मला पुण्याला जावं लागंल. आप्पांना टाकून."

नरसूबाईला नेटचं काही कळलं नाही. शेवटचं वाक्य कळलं. "मग बघतोस काय रा? लाव की! आप्पा आधी." आणि तिनंच मोटर बंद केली.

शहाजीनं मोटरीची पिन उपटली, डब्याची खोचली. मोटर थांबताच पाइपातली धार बसली. खड्ड्यातल्या नळाला करंगळीएवढं पाणी तेवढं उरलं. "मी बघते पाण्याचं. जा तू," नरसूबाई म्हणाली. तो धावत आत गेला. पहिला दिवा, दुसरा दिवा. तिसरा लुकलुकायला लागला. आठ बावीस. "बिरोबा, बिरोबा," शहाजी म्हणाला, कुठल्या देवाकडं बघून ते त्याला माहीत नव्हतं. आठ तेवीसला तिसरा दिवा हिरवा झाला.

तो खुर्चीत बसला. हेडफोन कानाला लावतो न लावतो तोच फोन आला. नातेपुत्याचा येडू वाघमोडे म्हणून कुणी होता. बायकोचं ऑपरेशन झालेलं, दवाखाना सोडत नव्हता, विम्याची मंजुरी पाहिजे. "साहेब, तेवढा फोन कट करू नका हां," तो आधीच गयावया करत होता. "दोनदा लावला, दोनदा तुटला."

"न्हाय तुटणार काका. आज लाइन चांगली हाय," शहाजी म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला हे छातीठोकपणे म्हणता आलं. "दवाखान्यात दाखल कधी केलं?"

घाईत मधलं दार लोटायचं राहिलं होतं. त्याला बाहेरची खोली दिसत होती, आप्पांची खाट दिसत होती आणि खिडकीतून बोळ. नरसूबाई खड्ड्यात उतरली होती. तिचं डोकंच काय ते वर होतं. मग कळशी वर आली, मग भिंतीला धरून ती स्वतः आली. गुडघ्यावर हात ठेवून थांबली. कळशी कमरेला मारून बोळ ओलांडला आणि शहाजीच्या पिंपात ओतली. परत फिरली. परत खड्ड्यात उतरली. तिचं स्वतःचं पिंप कोरडं होतं.

"साहेब? हाय का लाइनवर?"

"हाय, हाय काका. डॉक्टरांचं नाव काय म्हणालात?"

दुसरी कळशी. तिसरी. शहाजी प्रश्न विचारत होता, उत्तरं टिपत होता आणि शरमेनं त्याचे कान तापले होते. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं, एवढं प्रकरण संपलं की उठतो, असं तो स्वतःला सांगत होता. पण एक फोन संपला की दुसरा येतो, हे त्याला ठाऊक होतं. चारपर्यंत कुणी उठू देणार नव्हतं.

हे सगळं आप्पाही बघत होते. चौथ्या कळशीला नरसूबाई खड्ड्याच्या काठावर घसरली, सावरली, निम्मं पाणी सांडलं. आप्पांनी काठी खाटेला टेकवली, डाव्या हातानं आधी गज धरला, मग काठी. आणि ते उठले.

एकटे उठले. शहाजीचा खांदा नाही, कुणाचा हात नाही. उजवा पाय ओढत एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.  शहाजीला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. हा माणूस उंबऱ्याकडं निघाला होता. उंबऱ्याबाहेर दोन पायऱ्या होत्या, आणि त्या पायऱ्यांवर आता पाणी सांडलेलं होतं.

"साहेब, पुढं सांगू का?" कानात येडू वाघमोडे विचारत होता. सगळं बोलणं टेप होत होतं. चालू फोन सोडून खुर्चीवरून उठणं म्हणजे कंपनीत सगळ्यात मोठा गुन्हा.

सात. आठ. आप्पा डुलले.

"काका, एक मिनिट. माझे वडील पडतायत," शहाजी म्हणाला आणि त्यानं हेडफोन काढून टाकला.

उंबऱ्यावर त्यानं आप्पांना कमरेत धरलं. त्याला वाटलं, ते अंगावर भार टाकतील. पण आप्पा मागं फिरायला तयारच नव्हते. ते घामानं भिजले होते, ओठ वाकडा झाला होता आणि डोळ्यांत संताप होता. डाव्या हाताच्या कोपरानं ते शहाजीला ढोसत होते, बाहेर, खड्ड्याकडं. एक शब्द फुटत नव्हता, पण सांगायचं ते शहाजीला लख्ख कळलं. परकी म्हातारी आपल्या घराचं पाणी वाहतेय आणि घरात दोन बाप्ये बसून बघतायत. धुळाप्पा कोळेकरच्या दारात हे कधी झालं नव्हतं.

"व्हय आप्पा, जातो. बसा तुमी," म्हणत त्यानं त्यांना उंबऱ्यावर टेकवलं. नरसूबाई पलीकडून ओरडली, "अय्यो, आप्पा चालत आले रा, शाजी! एकटे?" आणि तिनं कळशी तिथंच ठेवून तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. संस्कृती मॅडम. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी, शहाजीची वरिष्ठ. बोलायला सरळ होती.

"सर, तुमचा कस्टमर तीन मिनिटं एकटाच बोलतोय. मी घेतलंय त्यांना माझ्याकडं, त्यांचं होईल. पण तुमचं काय झालं? इथं तर लाइन चालू दिसतेय."

"वडील उठले मॅडम. एकटेच चालत आले. पडले असते."

पलीकडं तिनं दार लावल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला कारण टाकावं लागतं सर. नेट गेलं म्हणून टाकू का? मी सांभाळून घेते. तुमचा तिसरा खंड होईल, सोमवारी पुण्याला यावं लागेल, पण नोकरी राहील. चालू कॉल सोडला म्हणून टाकलं, तर नोकरी नाही राहणार. तुम्हाला माहितीय."

माहीत होतं. शहाजीनं उंबऱ्याकडं बघितलं. आप्पा अजून धापा टाकत होते, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. पुण्याला गेलं तर पैसे पाठवता येतील. औषधं, खाणं, आश्रमाचं भाडं, सगळं पाठवता येईल. पावलं पाठवता येत नाहीत. दोन महिने उरले होते.

"कॉल सोडला म्हणून टाका," तो म्हणाला.

"सर, विचार करून बोला. नेटचं टाकते ना मी."

"नेट चांगलं हाय मॅडम. नेटचा काही दोष न्हाय. मीच उठलो." त्यानं फोन बंद केला. पुढच्या महिन्यात खोलीचं भाडं कुठून द्यायचं, खायचं काय, सोलापुरात कोण नोकरी देणार, यातलं काहीही त्याला ठाऊक नव्हतं. रडू येत होतं आणि ते दाबायची ताकदही उरली नव्हती. तो तसाच ओल्या डोळ्यांनी नरसूबाईच्या ओसरीवर गेला, पत्र्याच्या डब्याची पिन ओढून काढली आणि मोटरीची खोचली.

"आरं, काय करायलास? आणि तुझं काम?" नरसूबाई म्हणाली.

"पाणी हाय तवर भरून घ्या मावशी. आधी तुमचं पिंप."

मोटर घूं घूं करायला लागली. शहाजी पाइप धरून उभा राहिला. पाणी आणखी पंधरा मिनिटं होतं. तेवढ्यात तिचं पिंप काठोकाठ भरलं, त्याचं निम्म्याच्या वर गेलं, आणि मग नळ गुरगुरून कोरडा पडला. त्यानं हात पुसले आणि येऊन आप्पांच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. आप्पांनी डावा हात त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. काय झालं ते त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे.

"उद्यापास्नं दोनदा चालायचं, आप्पा," शहाजी म्हणाला. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आता मला वेळच वेळ हाय."